चौथं औषध

दुधीचा ओलसर वास. भांड्यातली लघवी, साबणाच्या पाण्यासारखी फेसाळ. पोटाच्या कातडीवर सुयांचे लाल गोल. तुरीच्या डाळीचा डबा, झाकण गंजलेलं. जाड जीभ, कडेला दातांच्या खाचा.

दुपारी हेमलता भिंतीकडे तोंड करून पडते. डोळा लागतो न लागतो तोच समोर दिगंबर बसलाय. तिचा नवरा, गेल्या पौषात गेलेला. रक्ताचा कॅन्सर, त्यातून बिघडलेलं प्रोटीन तयार होतं आणि हृदयात, मूत्रपिंडात, जिभेत साचतं, एवढंच तिला तेव्हा कळलं होतं.

तो इंजेक्शनच्या खुर्चीत आहे, मिरजेच्या दवाखान्यातल्या. हात टेकायच्या जागी मात्र तिच्या घरचा ओटा आहे.

"अगं, वाढ की." जीभ तोंडात मावत नाही, शब्द बोळा कोंबल्यासारखे येतात.

ती पातेल्यावरचं झाकण काढते. दुधी. हिरवट, बुळबुळीत, बिनमिठाचा. तिलाच शिसारी येते.

"परत हेच?"

"अहो, तुमच्यात प्रोटीन साचतंय. डाळ कशी देऊ?"

"तीन औषधं एकत्र चालली होती माझी. एक टोचायचं, दोन गिळायची. हे चौथं तुझं. चवीला सगळ्यांत घाण हेच."

तो हसतो. लाळ हनुवटीवर येते. तिला किळस वाटते, आणि वाटली म्हणून स्वतःची त्याहून जास्त.

"सहा महिने डाळीचा कण नाही, अंडं नाही. हाडं वर आली तुमची," ती म्हणते. "मी मारलं का हो तुम्हाला?"

"आधी वरण वाढ. मग सांगतो."

खुर्ची आता त्यांच्या लग्नाच्या पंगतीत आहे. भात वाफाळतोय, वर घट्ट पिवळं वरण. ती घास कालवते, बोटं त्याच्या तोंडात घालते. आत ऊन, गिळगिळीत, जीभच जीभ. घासाला जागा नाही. त्याचे दात मिटतात. चावत नाही तो, नुसता धरून ठेवतो.

"सांगा ना."

तोंडात बोटं धरलेला माणूस बोलणार कसा.

जाग येते. तीन वाजलेत. उजव्या हाताच्या दोन बोटांवर दातांच्या खाचा आहेत, खोल आणि ओल्या.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी दवाखान्यातून मिळालेल्या सूचनांच्या कागदाच्या मागच्या, तिने तेव्हा न उलटलेल्या बाजूला छापलेलं होतं: डाळ, अंडी, दूध नेहमीसारखं द्यावं.