घासून-पुसून आणलेली मुलं

म्हसावदहून परत येऊन चार तास झाले, तरी एका जागी बसवत नाहीये. तुम्हीच सांगा, मी चुकले का?

निरोगी मुलांच्या तोंडातही यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी असते. प्रत्येक मुलात ती जनुकांनी किती वेगळी असते, हा माझा एमएस्सीचा प्रकल्प. आज अंगणवाडीत कापसाच्या काडीने नमुने घ्यायचे होते.

पोचले तर बावीस मुलं रांगेत, सगळ्यांची तोंडं चकचकीत! "कॉलेजच्या ताई तोंड तपासणार" असा निरोप गेलेला. आयांनी दात, जीभ, हिरड्या मीठ लावून घासल्या होत्या. आता सापडणार काय?

"अहो, न घासता आणायचं होतं," मी म्हणाले.

"ताई, घाण तोंड कसं दखाडानं तुले?" एक आई हसली. "सकाय मिरची तोडाले जानं शे. आतेच लई ले."

सकाय म्हणजे उद्या; नमुने आत्ताच घेऊन टाक, असं ती म्हणत होती. आजची मजुरी तर त्यांनी माझ्यासाठीच बुडवली होती. मला "परत जा" म्हणवलं नाही. नमुने उपयोगाचे नाहीत हे माहीत असून मी बावीस तोंडांत काडी फिरवली आणि "झालं, धन्यवाद" म्हणाले.

शाळेत तपासणी असली की माझी आईही मला असंच घासायची. घरातली पहिली पदवीधर मी, आणि निरोप देताना हेच विसरले.

उद्या मिरचीच्या शेतात जाऊन त्यांना खरं सांगणार आहे. त्या विचारतील, "मग काल कसाले लिधं?" म्हणजे, मग काल घेतलंस कशाला?

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?