बादाओ

चिनी शिकताना 'बादाओ' या शब्दापुढे मी वहीत 'अरेरावी' असं लिहिलं होतं. हा अर्थ घरूनच आला होता. वडील सरकारी नोकरीत, नागपूरहून बदली होऊन दिल्लीत आलेले. साहेबाची अरेरावी ते रोज जेवताना आईला सांगायचे आणि सकाळी त्याच साहेबाला 'जी सर' म्हणायला जायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

पुढे फरीदाबादच्या एका कारखान्यात मी दुभाषी म्हणून लागले. चीनहून मशीन आलं आणि ते बसवायला एक तंत्रज्ञ आला. मालकांनी पहिल्याच दिवशी 'कागदपत्रांसाठी' म्हणून त्याचा पासपोर्ट घेतला आणि कपाटात ठेवून दिला. महिन्याभराने तिकडे त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्याने पासपोर्ट मागितला.

"मशीन चालू होने तक कहीं नहीं जाएगा, बोल दे इसको," मालक म्हणाले.

मी चिनीत सांगितलं, "साहेबांना फार वाईट वाटतंय. थोडेच दिवस थांबा, अशी विनंती आहे."

तो म्हणाला, "तुझा मालक बादाओ आहे."

"क्या बोला?"

"सर, कह रहा है आप काम के बड़े पक्के हैं."

मालक खूश झाले, चहा मागवला. दोन्हीकडचं बोलणं गुळगुळीत करून पोचवायचं, हीच आमच्या कामातली हुशारी. त्यासाठीच माझं कौतुक व्हायचं. असे बारा दिवस गेले. तो मागायचा, मी साखर घालायची.

तेराव्या दिवशी त्याने मला बाजूला सारलं. स्वतःच्या फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये चिनीत बोलला आणि फोन मालकांपुढे धरला. फोनमधली बाई सपाट हिंदीत म्हणाली, "आप ज़बरदस्ती कर रहे हैं. मैं दूतावास को फोन करूँगा."

मालकांचा चेहरा उतरला. पाच मिनिटांत पासपोर्ट टेबलावर आला. दूतावासाचं त्याने मला आधी दोनदा सांगितलं होतं. मी ते मालकांपर्यंत पोचूच दिलं नव्हतं. मला स्वतःची किळस आली. वडिलांवर रागवायचा माझा हक्क तिथेच संपला.

"पहले बोलना था ना, यार! बता इसको," मालक म्हणाले.

मी सांगितलं, या वेळी शब्दशः.

पासपोर्ट खिशात ठेवत तो म्हणाला, "माझे वडील काल गेले. हे तुझ्या मालकाला सांगू नकोस. हे तुझ्यासाठी आहे."