प्रयागबाईचा मशालवाला

मेडशीच्या शिवारात कापूस वेचायला बाया हव्या असल्या की लोक आधी प्रयागबाईला गाठत. ती हो म्हणाली की तिच्या मागे दहा-बारा जणी न बोलावता येत. प्रयागबाई वेचता वेचता सिनेमा सांगायची. कमरेची ओटी भरत जायची, तास, म्हणजे कपाशीची ओळ, कधी सरलं ते कळायचं नाही, आणि ऐन पऱ्हाटीत मशालवाला दरीवरून घोडा उडवायचा.

मशालवाला हा मारधाडीच्या हिंदी सिनेमातला नायक. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात पेटती मशाल. त्याचे पाच सिनेमे आले होते आणि पाचही प्रयागबाईनं फिरत्या टॉकीजच्या तंबूत, भुईवर बसून पाहिले होते.

पहिला पाहिला सत्तावनच्या चैत्रात, पोहरादेवीच्या यात्रेत. तिच्या नवऱ्याला, देवमनला, तंबू ठोकायचं काम मिळालं होतं, म्हणून तीही कडेवरच्या पोराला घेऊन गेली. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सहा महिने झाले होते. गावातली त्यांची विहीर मात्र वेगळी होती ती वेगळीच राहिली होती. तंबूत तसं काही नव्हतं. अंधार झाला की जिला जिथं जागा मिळेल तिथं ती बसे. मशालवाला कड्याला लोंबकळला तेव्हा शेजारच्या बाईनं प्रयागबाईचा हात गच्च धरला, आणि तो वर चढेपर्यंत सोडला नाही. दिवे लागले तर ती निघाली गावातल्याच कुणब्याची सून, रुख्मिणी. दोघींनी चटकन हात मागं घेतले.

चार दिवसांनी मजुरीच्या वावरात पऱ्हाट्या उपटताना रुख्मिणीनं मुद्दाम तिच्या शेजारचं तास धरलं. हळूच म्हणाली, "तो कड्यावरून वर कसा आला वो? म्या डोये झाकले होते."

तिथून त्यांची जोडी जमली. पुढचे चार सिनेमे दोघींनी सोबत पाहिले.

पाचव्यानंतर अकरा वर्षं मशालवाला आलाच नाही. प्रयागबाई तेच पाच सिनेमे सांगत राहिली. सून आली, अंजना, तिलाही ते पाठ झाले. आणि शहात्तरच्या पौषात अंजना एसटी स्टँडवरून पळतच आली. "आत्याबाई, मशालवाला येऊन राह्यला! केनवडले तंबू लागला, भिंतीवर कागद चिकटवला हाये!"

प्रयागबाई तशीच उठून रुख्मिणीकडे गेली. रुख्मिणी अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मी नाही येत."

"काहून वो?"

"कागद पाह्यला म्या. गाल सुटले त्याचे. केस काळे केले, पन मान म्हाताऱ्याची हाये. मले त्याचं हसं झालेलं नाही पाह्याचं. माह्या मनात तो जसा हाये तसा राहू दे."

"एवढ्या वर्सानं आला, अन् आपून पाठ फिरवाची?"

"तुले जायाचं तर जा. मले वढू नको."

प्रयागबाई रागानं परतली आणि अंजनाला घेऊन केनवडला गेली. तिची नणंद तिथंच दिली होती, त्यामुळे मुक्कामाची सोय होती.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. मशालवाला पडद्यावर आला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, बाबाले काठी द्या रे!" तंबू खदखदला. घोड्यावर चढताना नुसता रिकिबीतला पाय दाखवला, दौडताना नुसती पाठ. ती पाठ त्याची नव्हती. एवढी वर्षं पाहिलेली पाठ प्रयागबाई ओळखणार नाही होय? ती ओठ आवळून बसली. मग तो गढीच्या पायऱ्या चढू लागला आणि मध्येच थांबला. गुडघ्यावर हात ठेवून त्यानं दम घेतला. शिट्ट्या वाजल्या. प्रयागबाई उभी राहून मागं वळली.

"हसता कायले रे? तुमी काय मायच्या पोटातून जवानच निंगाले, अन् तसेच राह्यनार हाये का?"

हशा तिच्यावर वळला. अंजनानं पदर ओढून तिला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी वावरात बाया वाटच पाहत होत्या. रुख्मिणीही होती, पण चार तासं सोडून, पाठमोरी. प्रयागबाईनं सुरुवात केली. मशालवाल्यानं नदीवरून घोडा घातला, सात जणांना लोळवलं, गढीवर तर एका दमात चढला. अंजना खाली मान घालून बोंडं वेचत होती. ती गप्प राहिली तेच प्रयागबाईला सोसलं नाही. तिचे हात थांबले.

"नाही वो बायांनो. खोटं सांगून राह्यली मी. दम लागला त्याले. अर्ध्या पायऱ्यांवर थांबला तो. लोक हसले."

मग पलीकडून, पाठमोरीच, रुख्मिणीनं विचारलं, "मंग? चढला का वर?"

"चढला. एक पोरगी होती संगं, तिनं हात देल्ला."

"अन् त्यानं घेतला?"

"घेतला. पह्यले नाही म्हने. मंग घेतला."

रुख्मिणीनं ओटी सोडली, कापूस गाठोड्यात टाकला आणि येऊन प्रयागबाईच्या शेजारच्या तासात उभी राहिली. "तंबू हाये का अजून?"

तंबूचा शेवटचा दिवस होता तेव्हा दोघी गेल्या. केनवड रुख्मिणीचं माहेर. या खेपेला रुख्मिणी पहिल्यापासून खो खो हसत होती. पोट सावरत मशालवाला खिडकीतून शिरला तेव्हा तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. प्रयागबाईनं तिला दोनदा कोपर मारलं, तिसऱ्यांदा तिलाच हसू फुटलं. पायऱ्यांपाशी मात्र दोघी गप्प झाल्या.

रुख्मिणीच्या भावाकडे त्या उतरल्या. वाटेत सुरू झालेला वाद ओसरीवरही थांबेना.

"बस झालं आता त्यानं," प्रयागबाई म्हणत होती. "मानानं घरी बसाव. पुन्हा येऊ नये."

"आता कायले बसाव? आता तर मजा येऊन राह्यली! अजून एक काढाव त्यानं. त्या पोरीले घोडा देऊन टाकावा, अन् सोता मांगं बसाव."

"म्हने मांगं बसाव! तूच तर येत नोहती."

"मले काय मालूम, तो असा हात धरंन म्हनून?"

भावजयीनं दोघींपुढं सारखीच दोन ताटं ठेवली, एकीला लागून एक. वेगळ्या विहिरीवरची बाई त्या ओसरीवर अशी शेजारी बसून याआधी जेवली नव्हती. ठेवताना भावजय थोडी घुटमळली, तिनं रुख्मिणीकडे पाहिलं. पण रुख्मिणीचं लक्ष कुठं होतं? ती भाकरीचा तुकडा हातात धरून, आता मशालवाल्यानं सातव्या सिनेमात काय करावं, ते सांगण्यात रंगून गेली होती, आणि प्रयागबाई प्रत्येक गोष्टीला "नाही, नाही, तसं नाही" म्हणत पिठल्यात भाकर बुडवत होती.