रेडिएटरच्या नळीतला बोळा

वाडीतल्या मंडळींनो, हे मुद्दाम फळ्यावर लिहितोय. राग अजून उतरलेला नाही.

आमची जुनी गाडी कालच रेडिएटर दुरुस्त होऊन नाक्यावरच्या गॅरेजमधून आली. आज सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या, म्हणून तिला घेऊन परळच्या इस्पितळाकडे निघालो. लालबागला बॉनेटमधून वाफा निघाल्या आणि इंजिन बंद पडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघालेल्या बायकांनी व्हिक्टोरिया घोडागाडी थांबवली, वहिनीला आत बसवलं आणि दोघी सोबत गेल्या.

इंजिन जरा निवल्यावर मी नळ्या चाचपल्या. वरची अजून कढत होती, खालची थंडगार, म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. खालची सोडवली, तर आत चिंध्यांचा बोळा! दुरुस्ती करताना पाणी अडवायला कोंबलेला, तसाच राहिलेला.

वहिनीला सुखरूप मुलगी झाल्याचं कळलं आणि मी तडक गॅरेज गाठलं. बोळा मिस्त्रीपुढे धरला.

तो हसला. "जुनी गाडी तापणारच, साहेब. पोर झालं ना नीट? मग पेढे आणा!"

मी बोळा त्याच्या चहाच्या कपात बुडवला आणि निघून आलो.

तुम्ही असता तर एवढ्यावर थांबला असता?