पंधराव्या फोटोपासून

भूत, करणी, नजर… यातलं मी आयुष्यात काहीही मानलेलं नाही. रेल्वेत क्लार्क होतो. आमच्या सेक्शनमध्ये एक खुर्ची होती, तिच्यावर बसलेले दोन बाबू लागोपाठ वारले म्हणून तिसरा कोणी बसायला तयार होईना. मी सोळा वर्षं त्याच खुर्चीवर बसलो आणि तिथूनच रिटायर झालो, चांगला ठणठणीत. या सदरातले अनुभव मी वाचतो ते चुका काढायला. बायको म्हणते, "मानत नाही तं वाचता कायले?"

आता मीच लिहायला बसलोय. का, ते शेवटी कळेल. नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसं.

आम्ही मूळचे अमरावतीकडचे, पण रायपूरला तिसरी पिढी. तात्यापाऱ्यात दुसऱ्या मजल्यावर घर आहे. घरात मी आणि सुमन, दोघंच. मुलगा बंगलोरला असतो. तो मराठी समजतो, बोलतो मात्र हिंदीत. मागच्या दिवाळीत त्याने मला एक छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला. खिशात मावेल एवढा. मी फोनवर फोटो काढत नाही… फोन तो फोन आणि कॅमेरा तो कॅमेरा, हे माझं जुनं मत. रिटायर झाल्यावर दोघांनी चित्रकोटचा धबधबा पाहायला जायचं ठरवलं होतं, त्यासाठी हा कॅमेरा.

मी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्यात एक स्माईल मोड होता. कॅमेरा समोर धरायचा, बटण दाबायचं नाही. तो स्वतः चेहरा शोधतो, चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन येतो, बाजूला एक बारीक पट्टी असते. माणूस हसला की पट्टी भरते आणि फोटो आपोआप निघतो. मला हे फार आवडलं. सुमनचे हात कापतात, तिला बटण दाबता येत नाही. या मोडवर तिलाही माझे फोटो काढता येणार होते.

ट्रायल म्हणून एका संध्याकाळी तेलीबांधा तलावावर गेलो. माझा फोटो निघाला. तिथल्या चौकीदाराचा निघाला. गुपचुपवाल्याला, म्हणजे पाणीपुरीवाल्याला म्हटलं, भैया, जरा हसून दाखव, त्याचाही निघाला. मग सुमनला कठड्याजवळ उभं केलं. चौकोन बरोबर आला, तिच्या चेहऱ्यावर. ती हसली, चांगले दात दाखवून. पट्टी हललीसुद्धा नाही.

"अजून हस," मी म्हटलं.

"अजून किती हसू? लोक पाहून राहिले."

दहा मिनिटं झाली. उजेड बदलला, जागा बदलली, तिचा चष्मा काढून पाहिला. काही नाही. साध्या मोडवर बटण दाबून काढला तर फोटो एकदम छान, हसरा. परत स्माईल मोडवर घेतला की पट्टी रिकामी. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या कॅमेऱ्याले मी पसंत नाही," आणि गुपचुप खायला गेली.

मला अशा गोष्टी सोडवत नाहीत. नोकरीत चार पैशांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत मी घरी जात नसे. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो स्वतःवर धरला, लगेच क्लिक. माझ्यावर धरला, क्लिक. सुमनवर धरला आणि तो बराच वेळ तसाच उभा राहिला. सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी वाढवलं, परत धरला.

"मशीन तो एकदम ओके है, अंकल," तो म्हणाला. "आंटीजी का पता नहीं क्यों नहीं ले रहा."

येताना रिक्षातूनच मी मुलाला फोन लावला. त्याने पाच मिनिटं समजावलं की ही मशीन हजारो चेहरे दाखवून शिकवलेली असते, एखादा चेहरा तिला जमत नाही, "टेंशन मत लो पापा." पटण्यासारखं होतं. पण मग मला कुठून तरी सुचलं की चेहराच जमत नसेल तर तिचा जुना फोटोही जमायला नको. हे सुचलं नसतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

सुमन भाजी आणायला गेली होती. दुपारचे तीन वाजले असतील, खोलीत भरपूर उजेड होता. मी अल्बम काढले, आणि आमच्या लग्नातल्या एका फोटोसमोर कॅमेरा धरला. फोटोत बावीस वर्षांची सुमन, मुंडावळ्या बांधलेली, कोणाकडे तरी पाहून हसतेय. पट्टी सर्रकन भरली. क्लिक.

मी खुर्चीत नीट बसलो. दुसरा फोटो घेतला, क्लिक. मुलाच्या बारशातला, क्लिक. फोटोत इतर माणसं असली तर त्यांच्या हसण्यावर कॅमेरा चालू नये म्हणून मी पुठ्ठ्याला एक खिडकी कापली, तिच्यातून फक्त सुमन दिसेल अशी. रजिस्टर घेतलं, रकाने आखले. फोटो कधीचा, आणि पुढे 'चालला' किंवा 'नाही'. आधी सगळे 'चालला'. मग अलीकडचे अल्बम घेतले. मुलाचा दहावीचा निकाल, नाही. माझ्या रिटायरमेंटचा हार, नाही. घराची वास्तुशांत, नाही. सगळ्या फोटोंत ती हसतेय. तुम्ही पाहिलं तर तुम्हीही म्हणाल, हसतेय.

म्हणजे मध्ये कुठेतरी बदल होता. मागून पुढे, पुढून मागे करत मी माझ्या बहिणीच्या, मंगलच्या लग्नाच्या अल्बमवर येऊन थांबलो. चोवीस वर्षांपूर्वीचं लग्न. रोलच्या निगेटिव्ह जपून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर नंबर असतात, त्यामुळे फोटोंचा क्रम पक्का होता. हळदीच्या सकाळचे फोटो. अकरा, चालला. बारा, तेरा, चौदा, चालला. पंधरा, नाही. सोळा, नाही. तिथून पुढे आजपर्यंत एकही नाही.

चौदा नंबरमध्ये सुमन मंगलच्या गालाला हळद लावतेय आणि मागे मी खुर्चीवर चहाचा ग्लास घेऊन बसलोय. पंधरा नंबरमध्ये तेच सगळं आहे. फक्त माझी खुर्ची रिकामी आहे.

मी तेव्हा कुठे होतो हे मला पक्कं माहीत होतं. खाली, किराणा दुकानात. आमच्याकडे फोन नव्हता, आमचे फोन शेटजींच्या दुकानात यायचे. फोन दर्यापूरहून होता, सुमनच्या भावाचा. तिचे वडील गेले होते.

इथे रीत सांगतो, नव्या लोकांना माहीत नसेल. सुतक लागतं ते बातमी ऐकल्यावर. कानावरच आली नाही तर लागत नाही. म्हणून घरात कार्य असलं की मोठी माणसं बातमी दाबून धरतात. माझे वडील आधीच गेले होते, त्यामुळे मंगलचं कन्यादान मी आणि सुमन करणार होतो. जोडपं लागतं. सुमनला कळलं असतं तर ती बसू शकली नसती, तिला त्याच दुपारच्या गाडीने जावं लागलं असतं. मी वर आलो, आईला खोलीत नेऊन सांगितलं. आई म्हणाली, उद्याचा दिवस निघू दे. मेहुण्यालाही मी तसंच सांगितलं होतं… थांबू नका, अग्नी द्या, विचारलं तर म्हणा फोन लागत नव्हता. लग्न लागलं, मंगलची पाठवणी झाली आणि तिसऱ्या दिवशी मी सुमनला सांगितलं की आत्ताच फोन आला. ती रडली, आंघोळ केली, दर्यापूरला गेली. बापाचं तोंड तिला पाहायला मिळालं नाही. हे मी आई आणि मेहुणा सोडून कोणाशीही कधी बोललो नाही. आई गेली, मेहुणाही गेला. मला वाटलं, विषय संपला.

आणि आता हा पंधरा नंबर. फोटो निघाला तेव्हा मी फोनवर होतो. बातमी माझ्या कानात पडत होती, तिच्या नाही. मग तिचं हसू त्या क्षणाला का बदलावं? मी तो फोटो परत परत धरून पाहिला, आठ-दहा वेळा तरी. पट्टी हलली नाही.

सुमन कधी आली ते कळलंच नाही. मेथीची पिशवी तिच्या हातातच होती.

"हे काय मांडून ठेवलं?"

मी मूर्खासारखं सगळं समजावून सांगत बसलो. खिडकी, रकाने, निगेटिव्हचे नंबर. म्हटलं, चौदापर्यंत चालतो, पंधरापासून चालत नाही. तिने पिशवी खाली ठेवली. फोटो उचलून खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला. मग पलंगावर बसली.

"या वक्ताले तुमी फोनवर होते," ती म्हणाली.

मी हातातला कॅमेरा खाली ठेवला.

"शेटजींनी खालून आवाज देला, दर्यापूर से फोन है. मी तिथंच होती न. बाबांची तब्येत तशी, अन् हळदीच्या दिवशी भाऊ फोन कायले करन? मले तेव्हाच समजलं. तेवढ्यात फोटोवाला म्हणे, भाभीजी, इधर देखिये, हसिये. मंगल माझ्याकडे पाहून राहिली होती. मी हसली."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी वर आले. माझ्याकडे पाह्यलं अन् आईंच्या खोलीत गेले, दार लावलं. मी म्हटलं, बाहेर आले की सांगतीन. मग म्हटलं, रात्री सांगतीन. मग म्हटलं, कन्यादानाच्या पाटावर बसायच्या आधी तरी कानात सांगतीन." ती मेथी निवडायला लागली होती. "तुमी बाजूले बसून होते. तुमचा हात माझ्या हाताले लागून होता."

मला रडू आलं. लाजायचं कारण नाही, त्रेसष्ट वर्षांचा माणूस मेथीच्या जुडीसमोर बसून रडला. म्हटलं, माझं चुकलं, सुमन. ती म्हणाली, ते जाऊ द्या, ते झालं. आणि मग जे म्हणाली ते मी आजपर्यंत विसरू शकलो नाही.

"तुमाले वाटे मले माहीत नाही, म्हणून सुतक नाही. पण मले तं माहीत होतं न. सुतकात बसून मी मंगलचं कन्यादान केलं. अकरा वर्षांनी जावई गेले तवापासून मी मंगलच्या डोळ्यात पाहून बोलत नाही. तुमाले कधी दिसलं नाही काय?"

दिसलं नव्हतं. मंगल आली की ही स्वयंपाकघरात जायची, मला वाटायचं नणंद-भावजयीचं काहीतरी असेल. मी तिचा हात धरला, म्हटलं, अगं, मंगलच्या नवऱ्याला हार्ट अटॅक आला, सिगारेट किती ओढायचा ते तुला माहीत आहे. सुतक-बितक सगळं थोतांड आहे. मी कधी मानलंय का?

"मानत नव्हते तं मग लपवलं काहून?" ती म्हणाली.

रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती. मंगलला सांगू नका, एवढं तिने मागून घेतलं. पुढे विषय काढला नाही.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर मी मुलाला परत विचारलं, त्याच्या एका इंजिनियर मित्राशीही बोललो. कारण काय ते सांगितलं नाही. वय, सुरकुत्या, फोटोचा कागद, रंगांचा पिवळेपणा… सगळी उत्तरं मिळाली. पण चौदा आणि पंधरा एकाच रोलवरचे, एकाच कागदावरचे, पाच मिनिटांच्या अंतराने काढलेले. तेच तोंड, तेच दात, तीच हळद. त्याचं उत्तर कोणी देऊ शकलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर लिहा. मी चुका काढणार नाही.

डिसेंबरात आम्ही चित्रकोटला गेलो. मी पाण्याचे चाळीसेक फोटो काढले. सुमन कठड्याजवळ उभी होती, तुषार अंगावर येत होते, पदर भिजला होता. मला बरं वाटलं तिला तिथे पाहून. ती वळून म्हणाली, "माझा काढा न एक."

कॅमेरा स्माईल मोडवरच होता, मी तो बदलला नव्हता. समोर धरला, तिच्या चेहऱ्याभोवती चौकोन आला, आणि ती हसायला लागली तशी मी मान दुसरीकडे वळवली. पट्टीकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. कॅमेरा बंद करून टाकला.

"बॅटरी संपली," मी म्हटलं.

बॅटरी पूर्ण भरलेली होती, सकाळी लॉजवर तिनेच चार्जरवरून काढून माझ्या हातात दिली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या मग," ती म्हणाली, आणि पुन्हा पाण्याकडे पाहायला लागली.