एक्सलवरची खाच

काशिनाथभाऊंना पंचाहत्तर पुरी झाली. गौरवग्रंथात मीही दोन शब्द द्यावेत, असं तुम्ही मंडळींनी म्हटलंत. मी सांगते, नात लिहिते. चुकलं तर तिला बोला.

ओळख झाली ती सायकलीमुळे. नव्वद सालानंतरची गोष्ट. सायकल सासऱ्यांच्या वेळची, विलायती. आमचे हे नट आवळताना पान्यावर उभेच राहायचे. व्हायचं तेच झालं, मागच्या चाकाच्या एक्सलचे, त्या मधल्या दांडीचे, आटे गेले. शहापुरात जो तो म्हणे, नवा टाका. मुरबाडला सायकलीच्या दुकानात काशिनाथभाऊ म्हणाले, "दादा, चाकाच्या या विलायती हबात नवा बसायचा नाय. हाच वाचवू."

त्यांनी जुना नट करवतीने चिरला. दोन्ही फाका एक्सलच्या आतल्या धड आट्यांवर घट्ट धरल्या आणि तेल सोडत, अर्धा फेरा पुढे, जरासा मागे, असं करत बाहेर आणल्या. निजलेले आटे उठून बसले. दुपार गेली, पण भाऊंनी घाई केली नाही.

घरी येऊन ह्यांना वाटलं, आटे इतके कोरे कसे? दुसऱ्याच दिवशी मला घेऊन दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "अस्सल एक्सल काढून दुसरा घातलास, काशिनाथ!"

"उघडून दाखवू, दादा? तुमची खाच असंल आत."

भांड्यांवर नाव घालतात, तशी ह्यांनी एक्सलच्या मधोमध कानशीने खाच पाडली होती, कुणी बदलू नये म्हणून. तरी म्हणाले, "काय नको. तुझी हातचलाखी ठाव हाय मला."

वाटेत मी म्हटलं, "बघून का नाय घेतलं? खाच निघाली असती तर हात जोडावे लागले असते, म्हणून ना?"

"गप गो!"

त्यानंतर हे ते दुकान चुकवून, लांबून वळसा घालून एसटीला जायचे. चोरीचा बोल मात्र गावोगाव पोचला. भाऊंची जुनी गिऱ्हाइकं तुटली. भाऊंनी कुणाला खुलासा दिला नाही.

हे गेल्यावर मुलगा चाक ग्रीसला भाऊंकडे घेऊन गेला, मीही गेले. भाऊंनी एक्सल बाहेर काढला. खाच माझ्यासमोर. मुलाला दिसायच्या आत त्यांनी हळूच ती खाली फिरवली, वर ग्रीस थापलं.

"वहिनी, कुठं बोलू नका. गेलेल्या माणसाला खोटं कशाला पाडायचं? दादा रागीट होते, एवढंच."

"रागीट कसले, हट्टी!" मी म्हटलं. दोघंही हसलो. मग पदर डोळ्यांना लावावा लागला.

भाऊंनी सांगितलं म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. आज त्यांचं ऐकत नाही. रागावतील, रागावू देत. भाऊ, शंभरी गाठा, हात असेच धड राहोत. आणि मंडळी, एक्सल तोच आहे, आमचाच. ह्यांनी जोडायचे राहिलेले हात मी जोडते.