नसांसाठी चांगलं

रफूकामात रफूमास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे ते स्वतःच सांगत, पण खोटं सांगत नसत. जळका, कुरतडलेला, खिळ्याला अडकून फाटलेला असा कुठलाही कोट आणा. त्याच्याच आतल्या शिलाईतले धागे काढून मास्तर भोकावर उभे-आडवे विणत जायचे. काम झालं की डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचे. जोड जाणवली तर सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून.

"डोळ्यांना कोणीही फसवतं हो," ते गिऱ्हाइकाला म्हणत. "अंगठ्याला फसवून दाखवा!"

औषधाच्या बाबतीत मात्र माणूस महाहट्टी. अंगात ताप फणफणला तरी गोळी तोंडात जाणार नाही. एकच डबी त्या घरात मानाने नांदत होती, कारण ती धाकट्या भावाने आणलेली. वडील गेले तेव्हा मास्तरांनी शाळा सोडून सुई हातात घेतली आणि या भावाला शिकवलं. आता तो औषधांच्या दुकानात काउंटरवर होता. उपकार विसरणाऱ्यातला नव्हता, दर महिन्याला न चुकता नवी डबी घेऊन यायचा.

"दादा, हे औषध नाही, व्हिटॅमिन आहे. बी-सिक्स. नसांसाठी चांगलं. जास्त झालं तर लघवीतून निघून जातं, काळजीच नाही."

तीन वर्षं रोज एक गोळी झाली. मग बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. भाऊ म्हणाला, "बसून बसून नसा कमजोर झाल्यात, एकाच्या दोन कर." मास्तरांनी केल्या. भावाचा शब्द आणि तोही शिकलेल्या भावाचा!

वर्षभराने एका दुपारी बायको चहा घेऊन आली. मास्तरांनी नुकताच रफू केलेला कोट तिला दाखवायला उचलला, तर डावा अंगठा कोटाबरोबरच वर आला. कातडीतून दोन टाके आरपार गेले होते, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"अहो, रक्त!" बायको किंचाळली.

मास्तरांना काहीच दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. इतकी भीती त्यांना वडील गेले तेव्हाही वाटली नव्हती.

डॉक्टरांनी साखर तपासली, आणखी काय काय तपासलं. सगळं ठीक निघालं.

"औषधं कुठली चालू आहेत?"

"एकही नाही," मास्तर ताठ होऊन म्हणाले.

बायकोने गुपचूप पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. "हे औषध नाही म्हणतात. रोज दोन घेतात."

डॉक्टरांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचली. "दिवसाला दीड-दोन मिलिग्रॅम पुरतं आणि ते जेवणातून मिळतं. तुम्ही दोनशे घेताय. सगळंच काही निघून जात नाही, मास्तर. एवढं वर्षानुवर्षं घेतलं की नसाच बिघडतात. आजपासून बंद."

"अंगठा पहिल्यासारखा होईल?"

"बराच फरक पडेल. महिने लागतील. पूर्ण होईलच असं मी सांगू शकत नाही."

रविवारी सकाळी भाऊ नवी डबी घेऊन आला. चार दिवस मास्तर मनात शिव्यांची जुळवाजुळव करत होते, पण त्याचा हसरा चेहरा बघून त्या त्यांनी गिळल्या. डॉक्टर जे बोलले तेवढंच त्यांनी सांगितलं. बँडेज बांधलेला अंगठा पुढे केला.

भाऊ मास्तरांच्या पायाशी बसला. "मला जोड्याने मार, दादा, पण देवाशपथ मला माहीत नव्हतं."

"उठ रे. जाणूनबुजून थोडंच केलंस?"

तो उठला नाही. हातातली डबी त्याने घट्ट धरली होती.

"दादा," तो म्हणाला, "आईलाही देतोय. दोन वर्षं झाली. रोज दोन."

आई भावाकडे राहायची. गेल्या सहा महिन्यांत तीनदा पडली होती. जमीन पायाला लागतच नाही गं, असं सुनेला सांगायची, भिंत धरून चालायची. वयच झालंय म्हणून दोघं भाऊ तिला हसले होते. मास्तर तर सगळ्यात मोठ्याने.

"तिने आजची घेतली?"

"नाश्त्यानंतर घेते."

घड्याळात नऊ वाजायला आले होते. मास्तर फोनकडे धावले. आकडे दाबायला गेले, पण बटण दाबलं गेलं की नाही, ते त्यांच्या बोटाला कळेना.